वाइल्डलाइफ चॅनलवर आता बघण्यासारखं काय उरलंय? (भाच्यासाठी विचारतेय)

काचपट्टी:

लिहायला बसले तेव्हा प्रश्न चार ओळींचा होता. आता लांबलाय, तरी पूर्ण वाचा ही विनंती, कारण उत्तराची मला खरोखर गरज आहे.

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे आणि सुट्टीत माझ्याकडे असतो. परवा दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि तो टीव्हीसमोर बसला होता. मधेच मागे वळून म्हणाला, "मावशी, मेगालोडॉन अजून जिवंत आहे. समुद्रात खूप खोल." मी म्हटलं, नाही रे राजा, तो शार्क संपून किमान पंचवीस लाख वर्षं झाली. त्यावर तो म्हणाला, "पण शास्त्रज्ञ सांगत होता. बोटीवर होता तो."

त्याचं काही चुकलं नव्हतं. बोट होती, शास्त्रज्ञ होता, हलणारा कॅमेरा होता. फक्त तो शास्त्रज्ञ नट होता. २०१३ मध्ये डिस्कव्हरीच्या शार्क वीकची, म्हणजे शार्कवरच्या कार्यक्रमांच्या आठवड्याची, सुरुवात ज्या कार्यक्रमाने झाली, त्याचे तुकडे अजून फिरत असतात. ४८ लाख लोकांनी तो पाहिला, शार्क वीकचा तोवरचा विक्रम. काही घटना आणि पात्रं नाट्यरूपात दाखवली आहेत, एवढं शेवटी पडद्यावर आलं आणि वाचेपर्यंत गेलं. त्याच्या आदल्या वर्षी अ‍ॅनिमल प्लॅनेटने मत्स्यकन्यांवर असाच कार्यक्रम केला होता. इतक्या लोकांना तो खरा वाटला की अमेरिकेच्या सागरी संशोधन संस्थेला, नोआला, आपल्या संकेतस्थळावर लिहावं लागलं की पाण्यात राहणाऱ्या मानवसदृश प्राण्यांचा कुठलाही पुरावा आजवर सापडलेला नाही. एका सरकारी संस्थेवर ही वेळ प्राण्यांच्या चॅनलमुळे आली!

मी भाच्याला सांगितलं की तो माणूस नट होता. तो बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, "मग कोणता शास्त्रज्ञ खरा असतो?" शास्त्रज्ञाच्या वेशातला माणूस खोटं बोलू शकतो हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ते माझ्या घरात, मी लावून दिलेल्या टीव्हीवरून कळलं. याचं मला फार वाईट वाटलं.

आता माझ्याबद्दल. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघते. घाई न करता, एकेक पेशी. ही सवय मला कुठून लागली असं कुणी विचारलं, तर मी प्राण्यांच्या माहितीपटांकडे बोट दाखवीन. अकरा वर्षांची असल्यापासून माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. टीव्हीवर जे नवं कळेल ते तिच्यात लिहायचं. त्यातल्या दोन नोंदी जशाच्या तशा उतरवते:

"पॅटागोनियाचा किनारा. ऑर्का लाटेवर बसून थेट वाळूवर येतात, सी लायनचं पिल्लू उचलतात आणि पुढच्या लाटेबरोबर परत जातात. किनाऱ्यावर अडकले तर मरतील. मोठे लहानांना हे शिकवतात, वर्षानुवर्षं."

"बिनशंखाच्या मोठ्या गोगलगायी (ठिपकेवाल्या). दोघी फांदीवरून चिकट धाग्याला लटकतात, एकमेकींभोवती पीळ घालतात. दोघी नरही, मादीही. रात्र."

ही दुसरी नोंद २००५च्या 'लाइफ इन द अंडरग्रोथ' या मालिकेतली. ते दृश्य बघताना मी श्वास रोखून धरला होता, आणि पडद्यावर कुणी कुणाला मारत नव्हतं.

भाच्याच्या त्या प्रश्नानंतर मी तीन संध्याकाळी वही आणि घड्याळ घेऊन केबलवरच्या प्राण्यांच्या चॅनलांसमोर बसले. मनात राग होता हे कबूल, पण मोजताना प्रामाणिकपणे मोजलं. एका तासाचा कार्यक्रम जाहिराती वजा जाता त्रेचाळीस मिनिटांचा निघाला. प्रत्येक जाहिरातीआधी "आता पुढे काय होणार" आणि जाहिरातीनंतर "आतापर्यंत काय झालं". त्यातली पुनरुक्ती काढली तर तीस मिनिटं उरली. त्या तिसांत वीसेक मिनिटं एका माणसाचा चेहरा होता. धापा टाकणारा, कुजबुजणारा, "हा मला मारू शकतो" असं कॅमेऱ्याला सांगणारा. साप दिसला तो जेमतेम चार मिनिटं, आणि त्यातही माणसाच्या हातात, शेपटीने उचललेला. तो साप काय खातो, अंडी घालतो की पिल्लं, दिवसा कुठे असतो, एक अक्षर नाही. वहीत लिहिण्यासारखं एकच वाक्य मिळालं, "विषारी आहे", आणि ते मला आधीच माहीत होतं.

दुसऱ्या संध्याकाळी लांडगे होते. निवेदक पुन्हा पुन्हा "अल्फा नर" म्हणत होता. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्येच लिहून ठेवलंय की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची मुलं. तिथे मारामारी करून कुणी राजा होत नाही. हा अल्फाचा समज आला एकमेकांशी नातं नसलेल्या, पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून. मेक यांनी स्वतःच्याच १९७० सालच्या पुस्तकात तो शब्द वापरला होता आणि पुढे कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समेअर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे एका कळपाजवळ राहून स्वतःच तो दुरुस्त केला. इतकी सुंदर गोष्ट हाताशी असताना कार्यक्रमात ती नाही. आहे ते डरकाळ्या आणि ढोल.

तर माझे दोन प्रश्न.

पहिला: दर्जा खरंच घसरलाय की माझं वय झालंय? लहानपणी बघितलेलं सगळं चांगलंच वाटतं हे मला कळतं. त्यामुळे खरं सांगा.

दुसरा आणि जास्त महत्त्वाचा: कार्यक्रम सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कसं ओळखायचं की हा मुलाला दाखवावा की बंद करावा? मी दिवसभर कामावर असते. प्रत्येक भाग आधी बघून ठेवणं मला शक्य नाही.


संकलनकक्ष:

ताई, तुमचं वय झालेलं नाही. मी बरीच वर्षं माहितीपटांच्या संकलनात काढली आहेत, त्यात प्राण्यांचेही होते. कोणत्या चॅनलसाठी ते लिहीत नाही, कारण मुद्दा एका चॅनलचा नाही.

आधी तुम्ही घड्याळ लावून मोजलेल्या पुनरुक्तीबद्दल. त्यामागे साधा हिशेब आहे. केबलचा प्रेक्षक रिमोट हातात घेऊन फिरत असतो. तो कार्यक्रमात कोणत्याही मिनिटाला शिरेल हे गृहीत धरून आम्हाला कापायला सांगतात. मधे आलेल्याला गोष्ट कळली पाहिजे म्हणून दर ब्रेकनंतर उजळणी, आणि आलेला निघून जाऊ नये म्हणून दर ब्रेकआधी धोका. सुरुवातीपासून बसलेल्या तुमच्यासारख्या प्रेक्षकाचा विचार त्या टेबलावर होतच नाही, कारण तो कुठे जाणार नाही असं धरलेलं असतं.

वेळेचंही तसंच. 'ब्लू प्लॅनेट २' ही समुद्रावरची मालिका करायला चार वर्षं लागली, १२५ मोहिमा, ३९ देश, पाण्याखाली सहा हजार तास. एक माणूस, दोन कॅमेरे आणि एक साप यांचा भाग काही आठवड्यांत हाती येतो, कारण माणूस सांगाल तेव्हा घाबरतो. प्राणी सांगून काही करत नाही. सिंह दिवसातले वीस तास झोपू शकतो! ज्याच्याकडे आठवडे आहेत त्याने सिंहाची गोष्ट माणसावरच ढकलली पाहिजे, दुसरा इलाज नसतो.

काही तारखा सांगतो, त्यावरून प्रवास दिसेल. डिस्कव्हरी १९८५ मध्ये सुरू झाली. १९९६ मध्ये अ‍ॅनिमल प्लॅनेट आली आणि पुढे तिच्यात बीबीसीची भागीदारी आली. २००८ मध्ये या चॅनलने आपल्या चिन्हातला हत्ती काढून टाकला, हिरवी अक्षरं ठेवली आणि कार्यक्रमांचा तोंडवळाही बदलला. २०१० मध्ये बीबीसी त्यातून पूर्ण बाहेर पडली. २०११ मध्ये बिगफूट, म्हणजे दंतकथेतला केसाळ वानरमाणूस, शोधायची मालिका सुरू झाली आणि २०१८ पर्यंत चालली. ज्या प्राण्याचं अस्तित्वच नाही तो सापडेपर्यंत कार्यक्रम चालवता येतो, हे त्या वर्षांत सगळ्यांनी शिकून घेतलं. मत्स्यकन्यांचा दुसरा भाग २०१३ मध्ये ३६ लाख लोकांनी पाहिला आणि तोवरच्या इतिहासात त्या चॅनलवर इतका प्रेक्षक कशालाच मिळाला नव्हता. हा आकडा बैठकीत दाखवल्यावर गोगलगायीचा कार्यक्रम मागणाऱ्याने काय बोलावं?

डिस्कव्हरीने २०१४ च्या डिसेंबरमध्ये एका माणसाला अ‍ॅनाकोंडा गिळणार अशी जाहिरात केली. तो अर्थातच गिळला गेला नाही. लोक इतके चिडले की पुढच्याच महिन्यात चॅनलचे नवे प्रमुख रिच रॉस यांनी असले कार्यक्रम आता होणार नाहीत असं जाहीर सांगितलं. म्हणजे प्रेक्षक बोलला की फरक पडतो, हेही खरं आहे.

दहा मिनिटांची परीक्षा विचारलीत. मी माझ्या मुलीसाठी वापरतो ती सांगतो: एकाच शॉटमध्ये शिकारी आणि शिकार दोघं एकत्र कधी दिसतात ते बघा. वाघाचा चेहरा, कट, हरणाचा चेहरा, कट, पुन्हा वाघ. असं चाललं असेल तर ते दोघं एकमेकांच्या दहा किलोमीटरच्या आत नसतीलही. मी स्वतः अशा जोड्या लावल्या आहेत, वेगवेगळ्या महिन्यांतल्या. ज्याच्याकडे खरं दृश्य असतं तो कॅमेरा मागे नेतो आणि दोघांना एका चौकटीत दाखवतो, कारण ते मिळवायला त्याने रक्त आटवलेलं असतं.


जुनापुराणा:

संकलकांशी सहमत, पण काचपट्टीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला कुणी दुसरी बाजू सांगायला हवी. जुनं ते सगळं सोनं नव्हतं.

लेमिंग हे छोटे उंदरासारखे प्राणी कड्यावरून समुद्रात उड्या मारून सामूहिक आत्महत्या करतात, हे माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने ऐकलंय. ते पसरवण्यात १९५८ च्या एका डिस्ने माहितीपटाचा मोठा हात आहे. चित्रीकरण कॅनडातल्या अल्बर्टात झालं. तिथे समुद्रही नाही आणि ते लेमिंगही नाहीत. प्राणी विकत आणले, फिरत्या चकतीवर पळवले आणि नदीच्या कड्यावरून ढकलले. त्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. १९८२ मध्ये कॅनडाच्या सीबीसीने ते उघड केलं. लेमिंग आत्महत्या करत नाहीत, पण आजही कुणालाही विचारा.

आणि आवाज? बरेचसे आवाज पूर्वीपासून स्टुडिओत केलेले असतात. तीनशे मीटरवरून लांब लेन्सने टिपलेल्या अस्वलाच्या पावलांचा आवाज कुठल्या मायक्रोफोनला मिळणार? कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबून बर्फावरची पावलं करतात.

म्हणून मला वाटतं, खरं-खोटं अशी सरळ रेघ मारू नका. २०११ च्या 'फ्रोझन प्लॅनेट'मध्ये ध्रुवीय अस्वलाची नवजात पिल्लं गुहेत दाखवली, ती नेदरलँड्समधल्या एका प्राणिसंग्रहालयातली होती. वर्तमानपत्रांनी गहजब केला. पण रानातल्या गुहेत कॅमेरा घातला असता तर आई बिथरली असती, पिल्लं किंवा कॅमेरामन यांपैकी कुणीतरी जिवाला मुकलं असतं. आणि जे दाखवलं ते पिल्लांच्या बाबतीत खरंच होतं. तो आणि मेगालोडॉन एका पारड्यात घालू नयेत. लेमिंग आणि मेगालोडॉन मात्र जरूर घाला.

तसंच कथा रचण्याचं. 'मिअरकॅट मॅनर' ही मिअरकॅटांवरची (मुंगसाच्या कुळातले छोटे आफ्रिकी प्राणी) मालिका मी एकही भाग न चुकवता बघितली. नावं ठेवलेले प्राणी, घराणी, भांडणं, एखाद्या कौटुंबिक मालिकेसारखी. पण तिच्या मागे कलहारीतलं केंब्रिजचं संशोधन होतं, १९९३ पासून चाललेलं. तिथे प्रत्येक मिअरकॅट अंगावरच्या रंगाच्या खुणेवरून ओळखला जातो आणि वजनकाट्यावर आपणहून चढतो. फ्लॉवर नावाची मादी सर्पदंशाने गेली तेव्हा जगभर लोक रडले. मीही रडलो. ती खरी होती म्हणून.


काचपट्टी:

जुनापुराणाकाका, लेमिंगची गोष्ट माझ्या वहीतही आहे. वय तेरा, शाईच्या पेनाने, खाली दोनदा रेघ मारून! आज तुमचा प्रतिसाद वाचल्यावर वही काढली आणि त्या नोंदीशेजारी तारीख घालून दुरुस्ती लिहिली. तुम्ही सांगितलं नसतं तर ते तसंच राहिलं असतं. मनापासून आभार.

संकलकांची एका चौकटीची परीक्षा काल करून पाहिली. अर्ध्या तासाच्या बिबट्याच्या पाठलागात बिबट्या आणि हरण एकदाही एकत्र दिसले नाहीत. आधी हे कधीच लक्षात आलं नव्हतं.


पाणवठा:

मी दोन हंगाम तरसांच्या एका अभ्यासात मदतनीस होतो. आफ्रिकेतले ठिपकेवाले तरस. तिथे एकदा चित्रीकरणाची टोळी आली होती, नाव सांगत नाही, त्याबद्दल लिहितो.

मुळात तरसाइतका अन्याय टीव्हीने दुसऱ्या कुठल्या प्राण्यावर केला असेल असं मला वाटत नाही. संशोधक हान्स क्रूक यांनी १९६० च्या दशकात टांझानियातल्या न्गोरोंगोरोच्या विवरात रात्र रात्र जागून दाखवून दिलं की तिथले तरस स्वतः शिकार करतात, आणि सकाळी सिंह मेजवानीवर व तरस भोवती ताटकळत बसलेले दिसतात तेव्हा कित्येकदा शिकार तरसांची असते आणि हिसकावून घेणारे सिंह असतात. दिवसा येणाऱ्या माणसाला उलटं दिसतं. रात्रभर जागलेल्याला खरं दिसतं. तरसांची सगळी कथा या एका फरकात आहे.

आमच्याकडे आलेल्या लोकांकडे नऊ दिवस होते. त्यांना सिंह आणि तरसांची लढाई हवी होती. आमच्या प्रमुख संशोधिकेने त्यांना बिळापाशी नेलं. सांगितलं, ही म्हातारी मादी या कळपाची सर्वेसर्वा आहे, हिच्या लेकीला जन्मतःच आईखालोखालचा मान मिळतो, मोठाले नरसुद्धा त्या पिल्लापुढे मान खाली घालतात, आता अर्ध्या तासात ते दिसेल, थांबा. आणि ते दिसलं! चार महिन्यांचं पिल्लू डुलत डुलत चाललं आणि त्याच्या पाचपट नर कान पाडून बाजूला झाला. मी तोवर ते शंभर वेळा बघितलं होतं तरी अंगावर काटा आला. कॅमेरामनने ते टिपलंही. दिग्दर्शकाने घड्याळ बघून विचारलं, "यांचं भांडण कधी होतं?"

पुढे कार्यक्रम लागला. त्यात ते पिल्लू नव्हतं. तरस अंधारात हसताना दाखवले होते, आणि ते हसणं आमच्या कळपाचं नव्हतं. प्रत्येक तरसाची लांबून घातलेली हाक वेगळी असते, आम्ही त्यावरून कोण बोलतंय हे ओळखायचो. त्या कार्यक्रमात आमच्या तरसांच्या तोंडी परक्या तरसांचा आवाज घातला होता. लोकांना हे फार लहान वाटेल. मला तेव्हा ओळखीच्या माणसाच्या तोंडून अनोळखी आवाज आल्यासारखं झालं होतं.

त्या कॅमेरामनबद्दल मात्र वाईट बोलणार नाही. निघायच्या आदल्या रात्री तो एकटा बिळापाशी येऊन बसला होता. म्हणाला, मला इथे एक वर्ष द्या, मी तुम्हाला जन्मभर पुरेल असा चित्रपट देतो. कसब कुठेही गेलेलं नाही हो, ते आजही आहे. त्याला वर्ष देणारा माणूस गेलाय.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: "हे कसं कळलं" हे कार्यक्रमात एकदा तरी सांगतात का ते बघा. "तरस हुशार असतात" म्हणून सोडून दिलं तर बंद करा. "आम्ही सहा वर्षं या बिळापाशी बसलो, तेव्हा लक्षात आलं" असं कुणी म्हणालं तर मुलाला मांडीवर घेऊन बघा.


दुर्बीण:

पाणवठा यांना +१. थोडी भर: पैसा आणि वेळ दोन्ही आता केबल सोडून स्ट्रीमिंगकडे गेलेत, त्यामुळे चांगलं काम होत नाही असं नाही, जागा बदलली आहे. पण तिथेही आपलं आपण शोधावं लागतं. केबलचं एक सुख होतं की न मागता समोर काहीतरी यायचं. गोगलगायींचा कार्यक्रम शोधून कुणी लावला असता का? मी तरी नसता लावला.

आणि शक्य असेल तेव्हा न कापलेली प्रत बघा. 'प्लॅनेट अर्थ' २००६ मध्ये बीबीसीवर आली तेव्हा प्रत्येक भागाच्या शेवटी दहा मिनिटं चित्रीकरण कसं केलं हे दाखवत. अमेरिकेत डिस्कव्हरीवर तीच मालिका दुसऱ्या निवेदनासह आली आणि जाहिरातींना जागा करायला भाग कापले गेले. मला स्वतःला ती शेवटची दहा मिनिटं बाकीच्या भागाइतकीच आवडतात.


काचपट्टी:

सगळ्यांचे आभार. पाणवठा, तुमचं ते पिल्लू आता माझ्या वहीत आहे. "टीव्हीवर न दाखवलेलं" असं वर लिहून, कारण वहीचा नियम टीव्हीवर दिसलेलंच लिहायचा होता आणि तो मोडायला हे कारण पुरेसं वाटलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं मी धरते. लबाडी पूर्वीही होती. जे कमी झालंय ते थांबणं. माझी वही पुन्हा चाळली तेव्हा दिसलं की मला लक्षात राहिलेल्या सगळ्या नोंदी कुणीतरी खूप वेळ एका जागी बसून मिळवलेल्या आहेत. त्या पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर ऑर्का कधी येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं.

आता भाच्याचं. त्याचा "कोणता शास्त्रज्ञ खरा" हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. पाणवठा यांचं "हे कसं कळलं" वाचलं आणि एक जुनं टिपण आठवलं. आफ्रिकेतले शेणकिडे रात्री शेणाचा गोळा घेऊन सरळ रेषेत पळतात, कारण ढिगाऱ्याजवळ रेंगाळले तर दुसरा किडा गोळा पळवतो. चंद्र नसतानाही सरळ कसे जातात? मारी डाके या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या छोट्या टोप्या बसवल्या, म्हणजे आकाश दिसणार नाही. किडे भरकटले. मग पारदर्शक टोप्या बसवल्या, तर बऱ्यापैकी नीट गेले. म्हणजे अडचण टोपीची नव्हती, आकाश झाकल्याची होती. मग त्यांना चक्क तारांगणात नेलं, छतावर फक्त आकाशगंगेचा पट्टा दाखवला, आणि किडे सरळ चालले. एवढासा किडा आकाशगंगा बघून वाट धरतो! हे प्रसिद्ध झालं २०१३ मध्ये. त्या बोटीवरचा नट टीव्हीवर आला त्याच वर्षी.

मी हे त्याला जेवणानंतर सांगितलं, टीव्ही न लावता, टेबलावर एक गोटी आणि कागदाची टोपी घेऊन. त्याने मधेच मला थांबवून विचारलं की टोपीच्या ओझ्यामुळे किडा भरकटला नसेल कशावरून. मी अजून पारदर्शक टोपीपर्यंत पोचलेच नव्हते.

रात्री त्याने वही मागितली. शेवटून उलटी सुरुवात करून त्याने आपला भाग केलाय, आणि पहिल्या पानावर शेणकिड्याचं चित्र आहे, टोपीसकट, शेजारी काचेच्या टोपीचा दुसरा किडा. मेगालोडॉनबद्दल तो अजून अधूनमधून विचारतो, "पण समुद्र खूप खोल असतो ना?" त्याला तो हवा आहे, हे मला दिसतं. मी नाही म्हणते, आणि मग आम्ही दात किती मोठे सापडले आहेत ते बघतो. आता त्याची नवी शंका अशी आहे की प्रयोग संपल्यावर त्या किड्यांच्या टोप्या काढल्या का, आणि त्यांचा गोळा त्यांना परत दिला का.